पेन्सिलीच्या टोकावरचा घुमट

बाबा,

तुमच्या चित्रकलेच्या वर्गात फळ्याशेजारी फ्लॉरेन्सच्या घुमटाचं काळंपांढरं चित्र होतं ना, तो घुमट मी बघून आले. शहराबाहेर टेकडीवर, ऑलिव्हच्या झाडांत, एक जुना व्हिला आठवडाभर भाड्याने घेतला होता. तुमचे जावई, तुमची नात आणि मी. गच्चीवरून घुमट दिसायचा. नॉटिंगहॅमला परत येऊन तीन दिवस झाले, बॅगा तशाच पडल्या आहेत, आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. पण मी घाबरले आहे, आणि कशाला ते सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नात आणि मी गाडी घेऊन खालच्या गावात पाव आणायला निघालो. अरुंद उतार, दोन्हीकडे दगडी भिंती, आणि इथल्यापेक्षा सगळं उलट्या बाजूने चालवायचं. एका वळणावर ती किंचाळली. मी ब्रेक दाबला. सायकलवरचे एक आजोबा बॉनेटपासून हातभर अंतरावर पाय टेकून उभे होते. उशिरा दिसले असं नाही, बाबा, मला ते दिसलेच नव्हते. आजोबा काहीतरी पुटपुटत निघून गेले.

"आई, तू कसा नाही बघितला? तो सायकल राइट देअर होता."

"ऊन डोळ्यांवर आलं गं," मी म्हणाले. ऊन आमच्या पाठीमागे होतं.

संध्याकाळी ती गच्चीवर घुमटाचं स्केच काढत बसली, तेव्हा मी तिला तुमची पद्धत दाखवायला गेले. हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा मिटून अंगठ्याने उंची मोजायची. अंदाजपंचे रेघ ओढली म्हणून एलिमेंटरीच्या परीक्षेआधी तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझ्या हातावर पट्टी मारली होती. "आधी माप, मग रेघ." स्वतःची मुलगी म्हणून सूट नाही. मी नेहमी डावाच डोळा मिटते, तुमचं पाहून लागलेली सवय. त्या दिवशी उजव्या हातात चहाचा मग होता, म्हणून पेन्सिल डाव्या हातात धरली आणि उजवा डोळा मिटला. पेन्सिलीचं वरचं टोक नव्हतं. घुमटही नव्हता. काळोख वगैरे काही नाही, त्या जागी नुसतं फिकट, आभाळासारखं काहीतरी. उजवा डोळा उघडला की सगळं जागच्या जागी. चार वेळा करून पाहिलं. "किती झाला माप?" ती विचारत होती. तूच मोज म्हटलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

मला तुमची घागर आठवली. मी सातवीत आहे, तुमच्याच वर्गात. वस्तुचित्रासाठी तुम्ही फळ्यावर घागर काढता आहात आणि तिचा डावा काठ येतच नाही. रेघ अर्धवट सोडून तुम्ही खडूचे हात झटकता. मुलं हसतात. मी उठून काठ पुरा करते, आणि तुम्ही बराच वेळ त्या जागेकडे बघत राहता. घरी जाताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात. तो मायेचा नव्हता, आधाराचा होता, हे मला तेव्हाच कळलं. "आईला सांगू नकोस. उगाच काळजी करेल." मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ट्यूबच्या रंगांची पेटी आणून दिलीत, बारा रंगांची. मी कधी मागितली नव्हती. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, लवकर आला असतात तर नजर वाचली असती. आई कितीतरी दिवस विचारत राहिली, "एका घरात राहून कुणालाच कसं कळलं नाही?" मी ती पेटी कपाटात मागे सरकवली.

इथे डोळे तपासताना दर वेळी विचारतात, घरात कुणाला काचबिंदू होता का. मी दर वेळी 'नो' म्हणते. हो म्हटलं की तो माझा पत्ता शोधत येईल असं वाटायचं, इतकी मी वेडी.

व्हिलावर त्या संध्याकाळी तुमची नात पायरीवर पेन्सिलीला टोक करत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "सकाळचं ते सायकलचं डॅडला सांगू नकोस. उगाच काळजी करतील." बोलून गेले आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. तिने टोकावरचा भुसा फुंकला आणि "ओके," म्हणाली.

परत आल्यापासून ती रस्त्यात माझ्या डाव्या बाजूने चालते. रस्ता ओलांडताना आधी स्वतः बघते आणि हळूच म्हणते, "क्लिअर आहे, आई." कुणी शिकवलं नाही तिला. आय क्लिनिकचा नंबर माझ्यासमोर आहे. आज दोनदा लावला आणि दोनदा कट केला. आंधळं होण्याची भीती वाटतेच, पण तिच्या त्या ओकेची जास्त वाटते.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते. ती 'ओके' म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही फ्लॉरेन्स शहरात गेलो. घुमटामागच्या गल्लीत रंगांचं एक दुकान होतं. मी तिला एक पेटी घेऊन दिली, बारा रंगांची. तिने मागितली नव्हती.