अळणी ताट

९ फेब्रुवारी

पुन्हा तेच स्वप्न. रॅनी स्वयंपाकघराच्या दारात उभा, तोंड सुकलेलं. "झेल्मा, भूक लागलीय गं." एवढंच म्हणतो. मी पातेल्याचं झाकण काढते, तर आत काहीच नाही.

झालं! आता आणखी काय कळायचं राहिलंय? आमच्या बेटावर मेलेलं माणूसच स्वप्नात येऊन खायला मागतं. रॅनीची होडी त्रिनिदादला म्हणून गेली त्याला तीन वर्षं झाली. ना होडी परत आली, ना तिची एक फळी. मला आता भाऊ नाही. लिहून टाकलं एकदाचं.

१० फेब्रुवारी

दिवसभर जहाजावरच्या पाहुण्यांसाठी मासे तळले. एक बाई म्हणाल्या, "काय नशीब गं तुझं, रोज हा समुद्र!" मी हसले. त्यानेच माझा भाऊ गिळलाय, हे त्यांना काय सांगू!

परवा कॅरिआकूला, आमच्याच बेटाला, नांगर टाकणार. पाहुणे पोहणार, आम्हाला दिवसभर सुट्टी. माझंच गाव – आणि तिकडे पाय वळत नाही. आई अजून रॅनीच्या पलंगावरची चादर बदलते.

११ फेब्रुवारी

जोसेटला स्वप्न सांगितलं. ती खोल्या आवरते, या जहाजावरची माझी एकुलती मैत्रीण. म्हणाली, "मग ताट वाढ की. उपाशी किती दिवस ठेवणार त्याला?"

आई वाढू देणार नाही. पितरांचं ताट म्हणजे माणूस गेला हे कबूल करणं. ती तर रॅनी जिवंत आहे असंच धरून बसलीय.

"तिला कशाला विचारतेस?" इति एर्विन. हा शिडांवर काम करतो, आणि तोंडाचं शीड कधी उतरवत नाही. "कोंबडी मी आणतो. रॅनीचं जेवून झालं की उरलेली माझी!"

मेल्या! पण हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१२ फेब्रुवारी

सकाळी छोट्या होडीने तिघं किनाऱ्यावर उतरलो. आई रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेलेली, दुपारपर्यंत येत नाही. एर्विनने विकत घेतलेली कोंबडी हातातून सुटली आणि तो तिच्यामागे अख्ख्या गल्लीतून धावला. शेजारची आयडा मावशी कुंपणावरून ओरडली, "अरे, लग्नाला तयार नाहीये ती, सोड तिला!" जोसेट हसून हसून खालीच बसली. तेवढा वेळ बरा गेला.

मग चूल पेटवली. मक्याच्या पिठाचा घोटलेला कूकू, ओल्या तुरीचे दाणे, भाताचे गोळे, कोंबडी – सगळं रॅनीच्या आवडीचं. मीठ मात्र चिमूटभरही नाही. मेलेल्यांना मीठ चालत नाही. अंगणात रम शिंपडली. त्याच्या खोलीत पांढऱ्या कापडावर ताट मांडलं, दार ओढून घेतलं. खरं तर रात्रभर ठेवतात, पण आम्हाला संध्याकाळी परतायचं होतं. पायरीवर बसले आणि रडले. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कसलं मोकळं! आत नुसतं रिकामं.

आई लवकर आली. वास आला तिला. सरळ जाऊन रॅनीच्या खोलीचं दार उघडलं.

"हे कुणाचं?"

मी पायरीवरून उठले.

"झेल्मा, हे कुणाचं ताट?"

"रॅनीचं. स्वप्नात आला होता, आई. भूक लागलीय म्हणाला."

"भूक लागलीय म्हणाला, तर जेवायला बोलाव ना! मारतेस कशाला त्याला?"

"तो मेलाय, आई! मेलाय! तुला एकटीलाच कळत नाहीये!"

असं बोलले मी. आईला.

ती वळली. घरात मीठ नसतं, डॉक्टरांनी बंद केलंय. आयडा मावशीकडे गेली आणि मूठ भरून घेऊन आली. सगळं मीठ ताटावर ओतलं. मांडी घालून खाली बसली आणि खायला लागली.

"आई, अगं डॉक्टरांनी –"

"डॉक्टरला माहितीय का माझा लेक कुठंय ते? जिवंत माणसाच्या जेवणात मीठ असतं. हे त्याचं जेवण आहे. भुताचं नाही."

तोंड वाकडं होत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी घास चालूच. जोसेटने हात धरला, तिने तो झटकला. ताट चाटूनपुसून साफ केलं, मग मला म्हणाली, "जा आता. जहाज सुटेल."

धक्क्यावर पोचवायला आली नाही. एर्विन होडी वल्हवत होता.

१३ फेब्रुवारी

मासे खारट झाले. पाहुण्यांनी परत पाठवले.

१५ फेब्रुवारी

आयडा मावशीचा फोन. आई सकाळी उठलीच नाही.

१९ फेब्रुवारी

काल आईला माती दिली. जोसेट आणि एर्विन सुट्टी काढून आले होते. एर्विनने शवपेटीला खांदा दिला. मावशी म्हणते, "वय झालं होतं गं, मनाला लावून घेऊ नकोस." सगळे हेच म्हणतात. ते ताट कुणी मांडलं, हे या घराला माहीत आहे.

रॅनीच्या पलंगावर धुतलेली चादर होती. तिनेच घातलेली. मी काढली नाही.

२३ फेब्रुवारी

आईचं ताट वाढायला हवं. कूकू ढवळायला घेतला आणि हात थांबला. तिला अळणी कसं वाढू? शेवटी चूल विझवली. मला काहीच जमत नाही आता.

२६ फेब्रुवारी

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन.

"झेल्मा? मी रॅनी गं! ऐकतेयस ना? वादळात पार दक्षिणेला, परक्या देशाच्या किनाऱ्याला लागलो, तिथे घुसखोर म्हणून धरलं, तुरुंगात टाकलं, घरी कळवूही दिलं नाही. काल सोडलं. रात्र-रात्र उपाशी काढल्या, तुझ्या पातेल्याची आठवण काढत. अगं, बोल ना काहीतरी! बरं, राहू दे – आईला दे फोन."