मनपोखऱ्याला मारणाऱ्या शिंप्यास अधिकार देण्याबाबत

मी, कवळ्या बनवणारा, पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र आणि शेवटच्या उपचारांबाबतचं इच्छापत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोक्यात गाठ आहे, पण डोकं अजून माझंच आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या बंधूंना शंका असल्यास त्यांनी आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

राहती खोली व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीस मिळावी. बंधूंस काहीही नाही. आमच्या फाशांच्या खेळाला ते म्हातारचळ म्हणत आले, तेव्हा म्हातारचळातला वाटा त्यांना कशाला? कामाची हत्यारं, मेण आणि पॉलिशचं यंत्र ज्याला कवळ्या करायच्या असतील त्याने न्यावं.

फासे, नकाशे आणि कवळीच्या गुलाबी मसाल्यातून घडवलेले सर्व राक्षस आमच्या खेळातल्या मंडळींकडे, म्हणजे बहीण, शिंपी आणि इतरांकडे, राहावेत. खेळ असा की गोष्ट मी सांगायचो, राक्षस मी घडवायचो आणि मंडळी आपापल्या वीराच्या तोंडून बोलत, फासे टाकत त्यांना हरवायची. माझे राक्षस तलवारीने नव्हे, मनाने लढत. प्रत्येकाला मारायची एक तरी वाट मी ठेवत असे, नाहीतर तो खेळ नव्हे, छळ.

त्यांत सगळ्यांत वाईट मनपोखऱ्या. तो माणसाच्या मनात शिरतो, ते आतून खाऊन संपवतो आणि मग त्याच माणसाच्या आवाजात बोलतो. बहिणीच्या वीरांगनेत तो शिरला. तिच्या आवाजात मी बोलू लागलो, "मी आत आहे. मारू नका." बहिणीलाही ते खरं वाटलं. मंत्र झाले, औषधं झाली, शेवटी सगळे हात टेकून बसले. शिंप्याने मात्र फासा टाकला आणि त्या वीरांगनेवरच बाण सोडला. मनपोखऱ्याला मारायची तीच वाट होती. वर्षभर खपून घडवलेला राक्षस एका संध्याकाळी गेला. बहीण रडली आणि कित्येक दिवस शिंप्याशी बोलली नाही. माझाही राग अजून गेलेला नाही.

गाठ वाढते आहे. माझी वाचा जाईल, श्वास यंत्रावर चालेल आणि शुद्ध परत येणार नाही असं डॉक्टर सांगतील, तेव्हा यंत्र काढायचा निर्णय शिंप्याने घ्यावा. बहिणीने नाही. ती नर्स आहे, हे रोज बघते, पण माझ्या बाबतीत ते तिच्याच्याने होणार नाही. हे कलम वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, तू आतून हाक मारत असलास तर?"

शिंप्याला बोलावून तिच्यासमोरच विचारलं, त्या दिवशी तुला एवढी खात्री कशी होती?

"खात्री कुठे होती," तो म्हणाला. "पण हिला तसंच सोडून घरी जाववेना."

म्हणून अधिकार त्यालाच. यात कोणी बदल करू नये.

ठिकाण: राहत्या खोलीत, कामाचं टेबल.
दिनांक: आज सोमवार, हात स्थिर असताना.
सही: कवळीवाला
साक्षीदार: घरमालकीणबाई, खालचा औषधदुकानदार

बहिणीला मिळकत मिळणार असल्याने तिची साक्ष चालत नाही, असं सांगूनही तिने शिंप्याच्या कलमाखाली सही केली आहे. ती खोडू नये.