मोटारीचा वारस

॥ श्री ॥
देवास, शुक्रवार, ता. ९ मार्च १९५१

ती. वन्संना कुसुमावतीचा साष्टांग नमस्कार. विनू आणि मी ठीक. तुमचा गुडघा दुखतो म्हणता, एरंडेल कोमट करून चोळत जा.

दारापुढची मोटार तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचे भाऊ तिच्यातून उतरून गेले ते गेले, ती तिथेच. देवासात दोन संस्थाने होती तोवर निभले. थोरली पाती म्हणे पुढची चाके धाकटीच्या हद्दीत, धाकटी म्हणे मागची थोरलीच्या; हात कोणी लावीना. आता राज्य एक, नगरपालिका एक. काल दरोगा काचेवर नोटीस डकवून गेला. सोमवारी ओढून नेणार आणि लिलाव करणार.

माझा भाऊ मानाजी म्हणतो, इंजिन धड आहे, सतवासच्या रस्त्यावर भाड्याने चालवतो, दोन्ही घरे पोटाला लागतील. पापड लाटून माझी मनगटे गेली, वन्सं. विनूची शाळाही त्यापायीच सुटली.

दरोग्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "बाई, मालिक खुद ले जाए, नहीं तो वारिस. मालिक जिंदा है कि नहीं?"

सारी गल्ली ऐकत होती. मी म्हटले, सोमवारी सांगते.

मालक हयात असेल तर बायकोला गाडी मिळत नाही. नसेल तर अर्जावर त्यांचे नाव, आधी कैलासवासी लावून. उखाण्याबाहेर ज्यांचे नाव मी कधी घेतले नाही, ते चारचौघांत असे घ्यायचे आणि घरी येऊन कुंकू पुसायचे. जळला मेला तो कायदा!

तुम्ही दर पत्रात लिहिता, तो कुठे आहे ते ठाऊक नाही. मीही दर पत्रात विचारते. माघात शेजारचे तात्या तुमच्या धरमपुरीला घाटावर आले होते. तुमच्या ओसरीवर कोण जेवत होते, ते त्यांनी पाहिले. मला राग आला, फार आला. पण पाठच्या भावाला तुम्ही जेवू घालणारच.

तात्या पुन्हा तिकडे निघालेत, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देते. निरोप एवढाच सांगा. सोमवारी सकाळी येऊन मोटारीजवळ उभे राहावे. माझ्याशी बोलू नये, घरात येऊ नये, गाडी मानाजीच्या नावे करावी आणि हवे तिकडे जावे. नाही आले, तर दरोग्याने विचारल्यावर मी खोटे बोलेन, आणि ते जन्मभर पाळीन. विनूला अजून काही सांगितलेले नाही.

सोमवारपर्यंत तुमची भावजय,
कुसुमावती