जाळ्यातलं ऑर्किड

कारधा, १२ ऑगस्ट २०२३

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद. इकडे खुशाल. फोनवर तुझे बाबा कान टवकारून बसतात, म्हणून पत्र.

तू नर्सरीतून आणलेल्या ऑर्किडचा माझ्या हातून घात झाला गं! मुळं कुंडीबाहेर लोंबत होती. वाटलं, बिचारी उघडी पडली. नदीचा गाळ आणून गळ्यापर्यंत भरला, धानाच्या पऱ्ह्यातल्या कोवळ्या रोपांसारखं रोज पाणी दिलं. आता तीनच पानं उरलीत.

तू पुण्याला नर्सरीच्या नोकरीवर निघालीस तेव्हा बाबा म्हणाले होते, मासोळ्या धरनाऱ्याच्या पोरीले फुलाचं काय समजते? म्हणून तर तू वाढवलेलं पहिलं झाड त्यांच्यापुढे ठेवलंस. ते मेलं तर त्यांचंच खरं होईल. उपाय लवकर कळव.

तुझी वेंधळी आई

पुणे, २० ऑगस्ट २०२३

ती. आईस, सा. न. वि. वि.
आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. अगं, हे मोहाच्या झाडाच्या फांदीला धरून वाढणाऱ्यांच्या जातीचं. मुळांना माती नको, वारा हवा. गाळ धुऊन टाक. काळी, पिचपिचीत मुळं काप, घट्ट ती ठेव. कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या यांत बसव. मुळं पांढुरकी दिसली तरच पाणी दे. कडक ऊन नको.

हे पत्र लपव. बाबांना कळलं तर जन्मभर ऐकवतील. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रुचिता

कारधा, २ मार्च २०२५

चि. रुचितास,
आशीर्वाद. मी पत्रं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. तुझं पत्र आईने तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. ते तेव्हाच माझ्या हाती लागलं.

कुंडीत वारा कसा जाणार? माझ्या चांगल्या जाळ्याचा तुकडा कापून टोपली विणली, कोळसा-शेंड्या भरल्या, पडवीत सावलीला टांगली. त्या जाळ्याला मी कात्री लावली म्हणून तुझी आई माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली.

दीड वर्ष नुसती पानं. या थंडीत दांडी निघाली, काल नववं फूल उमललं. अर्धं कारधा पाहून गेलं. शेजारच्या नत्थूने विचारलं, कोठून इकत आणलं? मी म्हटलं, इकत नाही आणलं बे, माह्या पोरीच्या हातचं आहे. मग ज्याला त्याला तेच सांगत सुटलो.

तुला पाठवताना बोललो ते चुकलं. तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून लिहिलं. पुढच्या सुटीत येताना आणखी एक रोप आण. दुसरी टोपली विणून रिकामी टांगली आहे.

तुझा बाप,
केवळराम