साबुदाणा सोडण्याचं व्रत

आई,

आज सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकड्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाल्या. तेवढ्यावरून मला श्रीगोंद्याकडचा आपला साखर कारखाना दिसला, पावसाळ्यात बंद असलेला, आणि उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर पदर खोचून उभी असलेली तू. मला हसू आवरेना. बाईंना वाटलं, मी त्यांचं बोलणं मनावर घेत नाही.

मी टायफॉईडमधून उठले त्या वर्षीची गोष्ट, दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. मी तापात बडबडत असताना तू तुझ्या माहेरच्या, पाथर्डीकडच्या देवीला नवस बोलून बसली होतीस, की पोरगी वाचली तर नवरात्रात तुझा डोंगर पायी चढीन. पोरगी वाचली. पण तुझे गुडघे घरातला उंबरठा ओलांडतानाही कुरकुरायचे. डॉक्टर म्हणाले, गुडघे ठीक आहेत, त्यांच्यावरचं ओझं उतरवा. दादा म्हणाले, बायकोसाठी डोली करू, तर तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. नवस पायांनी फेडला नाही तर देवी पोरगी परत मागेल, असं तुला खरोखर वाटायचं. तू पुटपुटायचीस ते मी ऐकत होते, त्यामुळे मलाही तसंच वाटायचं.

मग तू वजनाच्या मागे लागलीस. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू सुरू झालं, आणि त्यानं भूक छान लागते म्हणून एक भाकरी जास्त जायला लागली. घामावाटे चरबी जाते असं कुणी म्हणालं, तर घोंगडी पांघरून चुलीपुढे बसलीस. थंडी वाजून ताप आला समजून दादा गोळी घेऊन धावले. घाम गेला तेवढं पाणी तू लगेच प्यायलीस, ते वेगळंच. खरा भरवसा मात्र उपासांवर. सोमवार, गुरुवार, शनिवार होतेच, त्यात देवीचा म्हणून मंगळवार घातलास. उपासाला तुपातली खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. त्या श्रावणात आपल्या घरी साधा वरणभात कधी शिजला ते मला आठवत नाही.

दादा काट्यावर कारकून. सीझन बंद असल्यानं काटा रिकामा, म्हणून दुपारी सामसूम बघून ते तुला तिथे न्यायचे. तो काटा बैलगाडीभर उसाला सरावलेला, पाच-सात किलोचा फरक त्याच्या गावीही नसे. तू श्वास रोखून उभी राहायचीस आणि दादा दांडीवरचं वजन सरकवून सांगायचे, "हाय तिथंच हाय."

"नीट बगा की. लई उपास केल्यात."

"काट्याला उपास कळत न्हाईत."

शेवटी दादांनीच डॉक्टरांना तुझे उपास वर्णन करून सांगितले. डॉक्टर पोट धरून हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही उपास सोडा, आपोआप बारीक व्हाल. भाकरी, भाजी, वरण नेहमीचं खा, तूप-दाण्यावर हात आखडा आणि रोज चाला. दम न लागता बोलता येईल इतकंच. घाई करू नका, सावकाश उतरेल." घरी येईपर्यंत तू धुसफुसत होतीस. "उपास सोडाय सांगतोय. डाक्टर हाय का कोन हाय?" दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता मला म्हणालीस, "उपास म्हंजी रोजचं खानं सोडायचं, व्हय ना? मग माजं रोजचं काय? साबुदाना. त्योच सोडते. तसं देवीला सांगते." डॉक्टरांचं ऐकण्यात कमीपणा होता, देवीचं ऐकण्यात नव्हता.

चालणंही तू व्रतातच घातलंस. पण बाईमाणसानं काम नसताना रस्त्यानं चालायचं कसं? म्हणून हातात रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आपण दोघी पाटाच्या पुलापर्यंत जायचो आणि तसाच डबा घेऊन परत यायचो. कारखान्याच्या कॉलनीत बातमी पसरली की पुलापाशी रॉकेल मिळतं. चार दिवसांत मागं डबेवाल्या बायकांची रांग लागली. रॉकेल नाही हे कळल्यावर त्या तुझ्यावर चिडल्या, पण गप्पांची गोडी लागली होती, म्हणून येत राहिल्या. पितृपक्षाच्या सुमाराला काटा एकदाचा एक घर खाली आला. दादांना तो बिघडला असं वाटलं. खात्री करायला ते स्वतः चढले.

नवरात्रात तू डोंगर चढलीस. मध्ये एक धडधाकट माणूस म्हणाला, "मावशे, पाठीवर घिऊ का?" तू म्हणालीस, "तुला न्हाई पेलायची. मला कारखान्याचा काटा लागतो." वर पोचल्यावर मला देवीपुढे उभी केलीस. "तू पोरगी ठिवलीस, मी पायानं आले. फिटलं." आणि मग तू रडलीस. मी तुला रडताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आता मला सून बारीक व्हायची पावडर आणून देते, शेजारीण म्हणते रात्री भात वर्ज्य करा, आणि डॉक्टरीणबाई तुझ्या डॉक्टरांचंच सगळं पुन्हा सांगतात. देवीला मी इतकी वर्षं गाडीनंच जात आले. गेल्या नवरात्रात मात्र गाडी पायथ्याशी ठेवली आणि चढले. वर गेल्यावर मागायला काही सुचेना. शेवटी म्हटलं, माझ्या आईचे गुडघे आता दुखत नसतील ना, तेवढं बघ.

तुझा पत्ता नाही, हे पत्र काही कुठे जाणार नाही, म्हणून तेवढं एक सांगून टाकते. अर्ध्या वाटेवर बसून मी दाण्याचे दोन लाडू खाल्ले. उपास होता ना.