पेट्रोलच्या टाकीला लाख

आई,

आपली वाशीची इमारत पाडायला घेतलीय. परवा नेरूळहून मुद्दाम बघायला गेले होते. स्वयंपाकघराची भिंत अर्धीच उरली होती आणि खाली, जिथे बाबांची गाडी ताडपत्रीखाली उभी असायची, तिथे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. जुन्या शेजारणी डोळे पुसत होत्या. मला मात्र मिक्सर बघून हसूच फुटलं, आणि का ते कोणाला सांगता येईना. कळलं असतं ते फक्त तुला. म्हणून लिहायला बसलेय. पाठवायला एक पत्ता होता, तोही आता पाडून टाकलाय, तेव्हा कसली घाई नाही.

बाबांनी ती गाडी कारखान्यातल्या एका साहेबाकडून घेतली तेव्हाच ती माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. विलायती, गोल पाठीची, शेवाळी रंगाची. आपल्या अख्ख्या भावकीत सायकलीच्या पुढे कोणाची मजल गेली नव्हती. वाशीत तेव्हा रस्ते आधी आले होते आणि माणसं अजून यायची होती. त्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर बाबांनी तुला गाडी शिकवली, आणि लायसन मिळालं त्या दिवशी तू शिकवायचीस त्या शाळेत पेढे वाटलेस. मग बाबा गेले. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी दोन पावसाळे तशीच उभी राहिली. काका दर रविवारी यायचे. मनाने वाईट नव्हते ते, पण मोडीत घेणारं गिऱ्हाईक त्यांनी ठरवून ठेवलं होतं, आणि बाईमाणसाने एकटीने गाडी काढली तर लोक काय म्हणतील याचा घोर तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होता. तू त्यांना सांगितलंस की बुद्धपौर्णिमेला गावच्या विहाराचं उद्घाटन आहे, त्या दिवशी ही गाडी स्वतःच्या चाकांवर गावात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसाला खुशाल बोलवा. काकांनी लगेच मान डोलावली. गाडी जाणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

आणि पहिल्या फेरीत त्यांचंच खरं झालं. मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं, आपण तिघं ऐटीत निघालो आणि खाडीपुलाच्या मधोमध गाडीने मान टाकली. पेट्रोलची नळी गंजाने गच्च तुंबलेली. काकांनी वाकून पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि गाडी ढकलायला लागले. टोमण्यापेक्षा ते मला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी टाकी खाली उतरवली आणि कलती केली तर आतून ओंजळभर काळा-तांबडा भुगा पडला, थेट मिसरीसारखा. मेकॅनिकने हात झटकले. म्हणाला, दुसरी टाकी मिळायची नाही, हिचा गंज काढणं म्हणजे डोंगर पोखरण्याचं काम. तू त्याला चहा दिलास आणि रवाना केलंस.

आधी तू धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने टाकी धुतलीस, पेट्रोलचा वास पार जाईपर्यंत. काका विडी पेटवायला लागले तर त्यांना फाटकाबाहेर काढलंस. पण आतला जुना थर काही सुटेना. आपण दोघींनी टाकीत खडी घालून ती इतकी हलवली की हात भरून आले, तरी नाही. तेव्हा तुझं लक्ष समोरच्या बांधकामावर गेलं. तिथल्या मुकादमाचा मुलगा तुझ्या वर्गात होता. तू सरळ गेलीस आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपुरता मिक्सर मागितलास. तो मराठवाड्याचा माणूस, डोकं खाजवत म्हणाला, "बाई, ह्याच्यात सिमिट कालवत्यात. टाक्या न्हाई धूत." पण दिला. टाकीत धारदार खडी आणि सोड्याचं पाणी, तोंडांना लाकडी बुचं, वरून जुनी गादी आणि गोणपाट गुंडाळून आपण ती मिक्सरच्या पोटात दोरांनी आवळून बसवली. काय आवाज होता तो! सगळ्या इमारतींच्या खिडक्यांत माणसं आली. तू पदर खोचून, शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभी राहायचीस तशी ताठ उभी. मला आधी लाज वाटत होती. ती दोनचार मिनिटांतच गेली आणि ही माझी आई आहे, असं त्या खिडक्यांकडे बघून ओरडावंसं वाटायला लागलं.

खडी काढून झाल्यावर चिंच-कोकमाच्या पाण्याने उरलेला गंज खाल्ला, आणि आतून पत्रा दिसायला लागला. पण ओला पत्रा बघताबघता पुन्हा तांबूस होतो. तू गच्चीवर शेजारणींच्या कुरडयांजवळ टाकी वाळत घातलीस आणि त्यांचं नाक मुरडणं सहन केलंस. आता आतून लेप हवा होता, पेट्रोलने न विरघळणारा. बाबा गाडीच्या पेट्रोलच्या नळ्यांच्या सांध्यांना लाख लावायचे हे तुला आठवलं. समोरच्या नव्या फ्लॅटांत दारांना पॉलिश करणारा कारागीर होता, त्याच्याकडून तू स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख आणलीस. पण आठवणीवर विसंबणं तुझ्या स्वभावात नव्हतं. एका जुन्या चमच्याला लाख फासून तो तू पेट्रोलच्या बाटलीत बुडवलास आणि बाटली चुलीपासून लांब, बाल्कनीत ठेवलीस. रोज शाळेत जाण्याआधी चमचा काढून नखाने खरवडून बघायचीस. लाख जागची हलली नाही. (आता पेट्रोलमध्येच इथेनॉल, म्हणजे स्पिरिटचंच भावंड, मिसळतात, आई. आता तुझी युक्ती चालली नसती. तेव्हा मात्र ती बिनतोड होती.)

चूक झाली ती घाईने. शनिवारी संध्याकाळी खाडीवरून दमट वारा सुटला होता, पण रविवारी काका येण्याआधी काम झालेलं तुला हवं होतं. तू लाख ओतलीस. सकाळी बाबांचा दाढीचा आरसा काठीला बांधून, बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिलं तर सगळा लेप दुधासारखा पांढरा पडलेला. आत ओल राहिली होती. काकांनीही आरशात पाहिलं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, खूप केलंत तुम्ही. आता पुरे." पौर्णिमा पुढच्याच आठवड्यात होती. मी म्हणाले, राहू दे तसंच, आतलं कोणाला दिसणार आहे. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी अजून ते डोळे विसरले नाही.

"चुकलेलं गणित दिसलं की मी पान उलटून पुढे जाते का?" तू म्हणालीस. "माझी चूक आहे. मीच पुसणार."

मग काकांकडे वळून तू विचारलंस, भावोजी, स्पिरिट आणायला जाताय का? आणि ते गेले, आई. कुरकुरत गेले, पण गेले. आपण पांढरा लेप स्पिरिटने धुऊन काढला. ह्या वेळी टाकी कडक उन्हात ठेवली, रोज संध्याकाळी आत आणून गोधडीत गुंडाळली, आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात, वारा कोरडा असताना, नवी लाख ओतली. दोघी दोन टोकांना धरून टाकी सावकाश कलवत होतो, पाळण्यातलं मूल जागं होऊ नये अशा बेताने. थरावर थर दिले. शेवटी आरशात पाहिलं तर आत सगळीकडे मधाच्या रंगाची चकाकी होती. तू आरसा काकांच्या हातात दिलास. त्यांनी काठी फिरवून फिरवून कोपरान्कोपरा पाहिला.

पौर्णिमेला काकांनी एसटीचं रिझर्व्हेशन रद्द केलं आणि मागच्या सीटवर बसले, मांडीवर जाडजूड दोर घेऊन. गाडी ओढत न्यावी लागली तर हाताशी असावा म्हणून. पनवेल गेलं, पेण गेलं, महाड गेलं, दोर मांडीवरच. घाटात तू गाणं गुणगुणत होतीस. मी तुझ्या हातांकडे बघत होते, बांगड्या नसलेल्या, खडूने खरखरीत झालेल्या, आणि त्या हातांचा मला इतका अभिमान वाटत होता की बाहेरचा घाट मी पाहिलाच नाही.

गावचा रस्ता आपल्या वाडीत जाण्याआधी खोताच्या घरावरून जातो. तिथे तू गाडी उभी केलीस. बंद पडली नव्हती, तू उभी केलीस. काका हळूच म्हणाले, "वहिनी, पुढं घ्या." पण तू दार उघडून उतरलीस, पांढऱ्या साडीचा पदर नीट केलास. पोरं धावली, मागून मोठी माणसं आली. ओटीवरून एका म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी कोनाची?" काका बाबांचं नाव घेणार होते.

"माझी," तू म्हणालीस. आणि लगेच मला, दबक्या आवाजात, "टाकी बघ गं. गळत नाही ना?"

मी नव्या पांढऱ्या ड्रेसनिशी लाल मातीत आडवी झाले आणि गाडीखाली सरकले. तिथून फक्त पाय दिसत होते. पोरांचे धुळकट, कोणाचे वहाणांतले, कोणाचे अनवाणी. ह्याच घरासमोरून जाताना माझे आजोबा पायातलं काढून हातात घ्यायचे, हे तूच मला सांगितलं होतंस, तेही एकदाच. त्या पायांच्या मधोमध तुझे पाय होते, काळ्या चपलांत, जरा फाकवून रोवलेले.

टाकी ठणठणीत कोरडी होती, हे मला पहिल्या नजरेतच दिसलं. तरी मी उठले नाही. तू दोनदा विचारलंस, सापडलं का काही, आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, थांब, बघतेय. तुला वाटलं मी गळती शोधतेय, आणि पुढे मीही कधी सांगितलं नाही. मी टाकी बघत नव्हते, आई. तुझ्या चपला बघत होते.