निळ्या पेन्सिलीचा विद्वान

३ फेब्रुवारी, सकाळी ७
निवृत्तीनंतरचं पहिलं मोठं कार्य ठरलं. वाचनालयातलं ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचं कपाट हटवणे. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आता डोळ्यांदेखत त्याचे धिंडवडे बघणार नाही. २८ तारखेच्या वार्षिक सभेत ठराव मांडणार. गेल्या वर्षी माझाच ठराव पास झाला होता: पुस्तकात लिहिणाऱ्याचं सभासदत्व कायमचं रद्द. नियम अकरा. तेव्हापासून वचक आहे.
आमची ही त्या कपाटाचं जुनं गिऱ्हाईक. रोज दुपारी शिवणाचं मशीन थांबवून अर्धा तास वाचते. दिवसातला तेवढाच अर्धा तास ती बसलेली दिसते. ठरावाचं सांगितलं तर म्हणाली, बरं. एवढंच.

५ फेब्रुवारी
शत्रूचा अभ्यास हवा, म्हणून ‘सेनापती आणि राजकन्या’, भाग पहिला, आणला. भाग पाच आहेत. वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. दहा पानं वाचून परत करणार.
पान ४. घोडा तीन दिवस, तीन रात्री दौडतो. चारा नाही, पाणी नाही. मोटारसायकललासुद्धा पेट्रोल लागतं.
पान ९. किल्ल्याला सहा महिने वेढा. आत धान्याचा दाणा नाही. राजकन्येच्या केसांना मात्र सुगंध.
समासात लाल पेन्सिलीने सगळं नोंदवलं. नियम अकरा बेजबाबदार लोकांसाठी आहे. माझं ते लिखाण नव्हे, तपासणी.
गुण: १० पैकी २. भाषा सुधारा.

६ फेब्रुवारी
दहा पानांची अट शिथिल केली. २१२ झाली. संशोधनाला मर्यादा घालू नये.
खलनायकाच्या गालावर व्रण आहे. वाचकाने चुकून दुसऱ्याचा राग करू नये म्हणून सोय.

७ फेब्रुवारी
पुस्तक परत केलं. संध्याकाळी तेच हिच्या मशीनवर दिसलं, तिच्या कार्डावर आणलेलं. आता माझ्या टिपा वाचून तिचे डोळे उघडतील.

१२ फेब्रुवारी
फेरतपासणीसाठी भाग पहिला पुन्हा आणला आणि थक्क झालो. माझ्या लाल टिपांखाली कुणीतरी निळ्या पेन्सिलीने उत्तरं लिहिली आहेत.
पान ८८ वर राजकन्या एका वाक्यात वेश बदलून शिपाई होते. मी लिहिलं होतं: झग्याला चोवीस बटणं, एका वाक्यात कशी निघतील? खाली निळं उत्तर: ‘बटणं शोभेची. खरे हूक बाजूला असतात.’
ऐतिहासिक वेशभूषेचा केवढा व्यासंग! बहुधा निवृत्त न्यायाधीश असावेत. किंवा वस्तुसंग्रहालयाचे संचालक. या गावात अखेर माझ्या तोडीचा माणूस सापडला. ही बिचारी दोन पंडितांच्या मध्ये सापडली.

१६ फेब्रुवारी
भाग दुसरा. गैरसमज पान ४० ला होतो, पान ३९० ला फिटतो. मधे एकाने जरी ‘अगं, ती माझी बहीण’ असं म्हटलं असतं तर झाडं वाचली असती. तरी एका बैठकीत संपवला. कमकुवत पुस्तकं लवकर वाचून होतात.
पान १५१. लढाईहून परतलेला सेनापती राजकन्येला विचारतो, दमलीस का? मी लिहिलं: लढला हा, दमली ती?

१९ फेब्रुवारी
निळं उत्तर आलं: ‘वेढ्यात घर तिनेच सांभाळलं. विचारलं कुणी नव्हतं. हे पान तीनदा वाचलं.’
न्यायाधीशांचा विधुरपणा बोलतोय. वाईट वाटलं.
प्रयोग म्हणून संध्याकाळी हिला विचारलं, दमलीस का? तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२१ फेब्रुवारी
लाल पेन्सिल सापडेना. हिच्या शिवणाच्या डब्यात शोधली. सगळ्या निळ्या. निळ्याच का, असं विचारलं. कापडावरची खूण धुतल्यावर जाते, म्हणाली. बायकांचं सगळं वरवरचं.

२४ फेब्रुवारी
भाग चौथा झाला. (तिसरा काल झाला. नोंद करायला वेळ मिळाला नाही.) शेवटी सेनापतीला तळघरात कोंडलंय आणि बाहेर राजकन्येला सांगितलंय की तो पळून गेला. हा काय शेवट झाला? भाग पाचवा बाहेर गेलेला आहे. ग्रंथपालबाईंना तीनदा विचारलं. ठरावासाठी संदर्भ म्हणून हवाय, असं स्पष्ट केलं.
गुण: १० पैकी ९. एक घोड्यासाठी कापला.
शेवटच्या कोऱ्या पानावर न्यायाधीशांना विनंती लिहिली: सभेत माझ्या ठरावाला अनुमोदन द्यावे. मी तपकिरी कोटात, पहिल्या रांगेत असेन.

२७ फेब्रुवारी
उत्तर आलं: ‘कोटाचं दुसरं बटण लोंबतंय. तसेच जाऊ नका.’
काय निरीक्षण! साहेबांनी मला कुठेतरी पाहिलेलं दिसतं. कोट काढून बघितला तर बटण आधीच पक्कं केलेलं. ही माझ्या वस्तूंना न विचारता हात लावते.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
कसं लिहावं कळत नाही. क्रमाने लिहितो.
ठराव मांडला. बोलणं उत्तम झालं. अनुमोदनासाठी थांबलो. न्यायाधीशासारखा दिसणारा एकही मनुष्य हॉलमध्ये नव्हता.
मग ग्रंथपालबाई उठल्या. मला वाटलं, अनुमोदन. त्यांनी टेबलावर चार भाग ठेवले आणि म्हणाल्या, नियम अकराचा भंग झालाय. त्या माझ्याच विद्यार्थिनी. सातवीत तीनदा इतिहासात नापास केलं होतं. ‘भाषा सुधारा’ हे अक्षर त्यांना पाठ आहे. निम्म्या सभेला पाठ आहे.
मी म्हणालो, तपासणी आहे. त्यांनी भाग चौथा, पान २८८ वाचलं. माझी टीप: ‘अरे गाढवा, मागे फिर, ती दारातच उभी आहे.’ अध्यक्षांनी विचारलं, ही तपासणी कशाची?
सभा पाच मिनिटं हसत होती. मग बाई म्हणाल्या, निळी पेन्सिल कुणाची?
तिसऱ्या रांगेतून ही उठू लागली.
तेव्हा कळलं. जेवढा वेळ लागला तेवढ्यात सेनापतीने दोन किल्ले घेतले असते. हूक. बटण. ते तीनदा वाचलेलं पान. लाज वाटली, मनापासून. हिचं कार्ड गेलं तर दुपारचा अर्धा तासही गेला, आणि नियम माझा.
ही तोंड उघडायच्या आत ओरडलो, निळीही माझीच.
कुणाचाही विश्वास बसला नाही. मी स्वतःलाच ‘तसेच जाऊ नका’ लिहिलं होतं का, असं अध्यक्षांनी विचारलं. हो म्हणालो. माझं सभासदत्व एकमताने रद्द. कपाटाच्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही.
घरी येताना हिने माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

४ मार्च, दुपारी
हिला भाग पाचवा मिळाला. तिच्या कार्डावर. पुस्तक दुसऱ्याला देता येत नाही, असा नियम आहे. ऐकण्याबद्दल मात्र काही नाही. त्या नियमाचा मसुदाही माझाच होता.
थोडं वाचून दाखव म्हटलं. ही म्हणाली, शाळेच्या गणवेशाचे शर्ट पडलेत, एका बटणाला एक पान. मान्य केलं. वेशभूषेचा अभ्यास प्रत्यक्ष केल्याशिवाय अपुराच.
सोळा बटणं लावली. बोटाला चार ठिकाणी टोचलं. सेनापती अजून तळघरातच. सतराव्या पानाआधी हिने चष्म्यावरून बघून विचारलं, दमलात का?
नाही म्हणालो. सतरावं बटण उचललं.
मग तिने पुस्तक मिटून बटणं तपासली. अकरा उसवायला लावली. १० पैकी २.